सायलेन्सरची पुंगळी

‘पुंगळी काढली की गाडी मोकळी होते.’ करमाळ्यासारख्या तालुक्याच्या गावात दुचाकी दुरुस्त करणाऱ्या कुठल्याही मिस्त्रीकडे थोडा वेळ थांबा, हे वाक्य कानावर पडेल. पुंगळी म्हणजे सायलेन्सरच्या शेपटाकडून आत सरकवलेली भोकाभोकांची नळी. ती काढली की आवाज वाढतो, आणि आवाज वाढला की ताकदही वाढली असं वाटतं. नववी-दहावीच्या मुलांना हे ज्ञान न्यूटनच्या नियमांपेक्षा पक्कं असतं. आपल्याला ती त्याबद्दल विचारत नाहीत, कारण मास्तरांना यातलं काय कळणार!

खरं म्हणजे हा प्रश्न विज्ञानाच्या तासालाच घ्यावा असा आहे. मिस्त्रींचं म्हणणं अर्धं खरं आहे आणि अर्धं खोटं. त्यातलं कुठलं अर्धं खरं, हे समजायला इंजिनं बनवणाऱ्या भल्या भल्या कारखान्यांनाही साठेक वर्षं लागली.

आधी आपल्या भागात ही इंजिनं आली कशी ते पाहू. नगरहून टेंभुर्णीला जाणारा रस्ता करमाळ्यावरून जातो. १९७२ साली या सगळ्या पट्ट्यात दुष्काळ होता. माणसं खडी फोडायला जात होती, जनावरं छावणीत होती. त्याच वर्षी नगरच्या (आता अहिल्यानगर) कायनेटिक इंजिनिअरिंगनं ‘लुना’ बाजारात आणली. मूळ आराखडा इटलीतल्या पियाज्यो कंपनीच्या ‘चाओ’ या गाडीचा. इंजिन ५० सीसीचं, म्हणजे चहाच्या लहान कपात मावेल एवढी हवा घेणारं, आणि ताकद दीड-दोन अश्वशक्तीच्या आसपास. चढ आला किंवा पेट्रोल संपलं तर पायडल मारायची सोय होती. सायकलवरून फिरणारा शिक्षक, ग्रामसेवक, दूधवाला अशांना परवडणारी ही फटफटी. पुढे १९८० मध्ये टीव्हीएस ५० आली, १९८४-८५ मध्ये इंड-सुझुकी आणि यामाहा आरएक्स १०० आल्या. राजदूत तर आधीपासून होतीच. या सगळ्यांत एक गोष्ट समान होती. सगळी इंजिनं टू-स्ट्रोक होती.

टू-स्ट्रोकचं सोपं रूप इंग्लंडमधल्या बाथ गावच्या जोसेफ डे यांच्या कारखान्यातलं. १८९० च्या सुमारास डे यांनी दट्ट्याच्या खालच्या पेटीतच हवा-इंधनाचं मिश्रण दाबायची युक्ती केली. त्यांच्याच कारखान्यातल्या फ्रेडरिक कॉक यांनी उरलेल्या झडपाही काढून टाकल्या. सिलिंडरच्या भिंतीलाच खिडक्या ठेवल्या. दट्ट्या खाली गेला की त्या उघडतात, वर आला की बंद होतात. झडप नाही, कॅम नाही, स्प्रिंग नाही. हलणारे भाग मोजून तीन. म्हणून ते स्वस्त, म्हणून ते हलकं, आणि म्हणूनच रस्त्याकडेला गोणपाट अंथरूनही उघडता येणारं.

पण या साधेपणाची किंमत मोजावी लागते. फोर-स्ट्रोकमध्ये जळका वायू बाहेर ढकलायला दट्ट्याची एक पूर्ण फेरी वेगळी राखलेली असते. टू-स्ट्रोकमध्ये दोन्ही कामं एकाच वेळी चालतात. एका खिडकीतून धूर बाहेर जातोय आणि दुसरीतून ताजं मिश्रण आत येतंय, दोन्ही खिडक्या उघड्या. एस.टी.त उतरणारे आणि चढणारे एकाच दारात भिडले की काय होतं ते आठवा, म्हणजे चित्र डोळ्यांपुढे येईल. चढलेल्यांपैकी काही जण लोंढ्याबरोबर पुन्हा खाली येतात! कार्ब्युरेटरच्या साध्या टू-स्ट्रोक इंजिनात १५ ते ४० टक्के इंधन असं न जळताच नळीतून निसटून जातं. दहा रुपयांचं पेट्रोल टाकावं आणि दोन-तीन रुपये रस्त्यावर सांडावेत, असा हा हिशेब.

हे निसटणं कमी करायचे प्रयत्न सिलिंडरच्या आत खूप झाले. १९२० च्या दशकात जर्मनीत अडॉल्फ श्न्यूर्ले यांनी आत येणाऱ्या खिडक्या अशा तिरप्या केल्या, की ताजं मिश्रण आधी मागच्या भिंतीकडे जाऊन, वर वळसा घेऊन मग पुढे येतं. डीकेडब्ल्यू कंपनीनं ही पद्धत घेतली. तिच्या आरटी १२५ या गाडीच्या नकला दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंड, अमेरिका, रशिया, जपान अशा सगळीकडे झाल्या. यामाहाची पहिली मोटारसायकल त्यातलीच एक. पण सिलिंडरच्या बाहेर जी नळी होती तिच्याकडे मात्र बहुतेक जण धुराडं म्हणूनच बघत होते. धूर मागे न्यायचा आणि आवाज मारायचा, बस्स.

इथं थोडं थांबून एक प्रयोग करून पाहा. ठिबक आणि पाइपलाइनच्या या दिवसांत पीव्हीसी पाइपचा तुकडा कुठेही मिळतो. सुमारे एक मीटर लांबीचा घ्या. त्याच्या एका तोंडावर रबरी चप्पल थापटा आणि लगेच उचला. एक सूर ऐकू येईल. आता चप्पल थापटून तशीच दाबून ठेवा. सूर खाली जाईल, जवळजवळ एक सप्तक खाली. पाइप तोच, हवा तीच, बदललं फक्त तोंड. कारण असं की नळीतून गेलेला दाबाचा धक्का दुसऱ्या टोकाला पोचून परत येतो. बंद टोकावर आपटून आला तर दाबाचा दाबच राहतो, उघड्या टोकावरून आला तर उलटा होऊन, म्हणजे दाबाऐवजी ओढ होऊन येतो. विहिरीत हाक मारल्यावर तळाशी आपटून परत आलेली हाक सगळ्यांनी ऐकलेली असते. उघड्या तोंडावरूनही प्रतिध्वनी येतो हे मात्र मुलांना आधी खरं वाटत नाही. दोरीच्या लाटेनं हेच दाखवता येतं. दोरीचं टोक खिळ्याला बांधून एकदा झटका द्या, मग टोक मोकळं लोंबतं ठेवून द्या. परत येणारा उंचवटा एका वेळी उलटा होतो आणि एका वेळी सुलटाच राहतो.

इंजिनाची खिडकी उघडते तेव्हा असाच एक जोराचा धक्का नळीत शिरतो. तो परत येणारच. प्रश्न एवढाच की तो परत येईल तेव्हा खिडकीपाशी कोणती अवस्था चालू असेल. १९३० च्या दशकात मिशेल कादेनासी यांनी नळीतल्या अशा लाटांचा वापर करायच्या कल्पनेचे पेटंट घेतले होते. पण त्या लाटांना ठरल्या वेळी हजर राहायला लावलं ते वाल्टर काडेन या माणसानं.

काडेन पूर्व जर्मनीतले. युद्धाच्या काळात ते हेन्शेल कंपनीत उडत्या बॉम्बवर काम करत होते. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला ते झोपाऊ इथल्या, पूर्वीच्या डीकेडब्ल्यूच्याच कारखान्यात, एमझेड कंपनीच्या शर्यतीच्या विभागाचे प्रमुख झाले. पैसा कमी, साहित्य कमी, चांगली पोलाद-मिश्रणंही मिळायची मारामार. काडेन यांनी एक गोष्ट मात्र केली जी श्रीमंत कारखान्यांना सुचली नव्हती. नळीतल्या दाबाची लाट त्यांनी ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर पाहिली. आतापर्यंत सगळे जण नळ्या कापत, जोडत आणि कानानं ठरवत होते. इथं लाट कधी निघाली, कधी परतली हे डोळ्यांना दिसायला लागलं.

त्यातून जी नळी तयार झाली ती दिसायला अशी: खिडकीपासून सुरुवातीला साधी नळी, मग हळूहळू रुंदावत जाणारं नरसाळं, मधे पोट, मग उलटं नरसाळं आणि शेवटी बोटभर जाडीची शेपटी. दोन नरसाळी तोंडाला तोंड लावून जोडावीत तशी. इंग्रजीत तिला ‘एक्स्पान्शन चेंबर’ म्हणतात, आपण ‘फुगीर नळी’ म्हणू. रुंदावणारं नरसाळं हे थोडं थोडं उघडत जाणारं टोक आहे. तिथून ओढ परत येते आणि सिलिंडरमधला जळका वायू खेचून घेते, इतकी की थोडं ताजं मिश्रणही नळीत येतं. एवढ्यात उलट्या नरसाळ्यावर आपटलेला धक्का दाब होऊन परततो, आणि खिडकी मिटायच्या आत ते बाहेर आलेलं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये कोंबतो. मघाच्या एस.टी.च्या दारात जणू एक अदृश्य कंडक्टर उभा राहिला. झडप नसलेल्या इंजिनाला झडप मिळाली, आणि तीही पत्र्याची, न हलणारी.

१९६१ पर्यंत काडेन यांच्या १२५ सीसीच्या इंजिनानं २५ अश्वशक्ती दिली, म्हणजे लिटरला २००. वेगळ्या पंपानं हवा न कोंबता एवढी ताकद तोवर कुठल्याच इंजिनानं दिली नव्हती. पुढची गोष्ट गुप्तहेरांच्या कादंबरीसारखी आहे. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली. सप्टेंबरमध्ये स्वीडनच्या शर्यतीत एमझेडचा स्वार अर्न्स्ट डेग्नर, जो स्वतः इंजिनाचा जाणकार होता, शर्यत संपल्यावर परत गेलाच नाही. त्याचं कुटुंब आधीच लपवून पश्चिमेकडे आणलं गेलं होतं. डेग्नर जपानला सुझुकीकडे गेला, आणि १९६२ मध्ये सुझुकीच्या ५० सीसीच्या गाडीवर जगज्जेता झाला. टू-स्ट्रोक गाडीचं हे पहिलं जागतिक विजेतेपद. काडेन यांच्या एमझेडला ते कधीच मिळालं नाही. त्यांच्या वाट्याला आली ती चौकशी. ही विद्या चोरीची म्हणावी तर म्हणावी, पण डीकेडब्ल्यूच्या नकला करूनच जगभरचे कारखाने उभे राहिले होते, हेही विसरून चालणार नाही.

जपानकडून ही नळी सगळ्यांची झाली. १९७३ मध्ये गॉर्डन जेनिंग्ज या अमेरिकी लेखकानं टू-स्ट्रोक इंजिनं सुधारण्यावर हस्तपुस्तिका लिहिली. त्यात नळीची लांबी काढायचं सूत्र होतं, आणि मग घरच्या घरी नळ्या बनवणाऱ्यांची एक पिढीच तयार झाली.

सूत्र पाठ करायची गरज नाही, शाळेतल्या अंकगणितानं ते मांडता येतं. मिनिटाला १०,८०० फेरे म्हणजे सेकंदाला १८० फेरे. धुराची खिडकी अर्धा फेरा उघडी असते असं धरलं तर तेवढा वेळ सेकंदाचा ३६० वा भाग. नळीतला वायू तापलेला असल्यानं त्यातला आवाज सेकंदाला सुमारे ५०० मीटर जातो. (थंड हवेत ३४०. वेग निरपेक्ष तापमानाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, यावरून नळीतलं तापमान मुलांना काढायला सांगा. पावणेचारशे अंशांच्या आसपास येईल.) म्हणजे खिडकी उघडी असेपर्यंत लाट सुमारे १.४ मीटर चालते, आणि जाऊन-येऊन एवढं अंतर म्हणजे नळी ७० सेंटिमीटरची. शर्यतीच्या गाडीखाली ती मजेत बसते.

आता हाच हिशेब मोपेडसाठी करू. इंजिन मिनिटाला ५,००० फेरे घेतंय. खिडकी १४० अंश उघडी, म्हणजे फेऱ्याचा ०.३९ भाग. वेळ निघतो ४.७ हजारांश सेकंद. त्या वेळात लाट चालते २.३ मीटर, म्हणून नळी हवी सव्वा मीटरच्या थोडी आत. पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत पसरेल एवढी! शर्यतीच्या गाडीची सत्तर सेंटिमीटरची दिमाखदार नळी बघून कुणी तशीच मोपेडला बसवली, तर ती ज्या वेगाला गायला लागेल त्या वेगाला ते इंजिन कधी पोचणारच नाही. नेहमीच्या वेगात तर परतणारा धक्का चुकीच्या वेळी येईल, आणि आहे ती ताकदही जाईल. फुगीर नळी एकाच सुराची असते. बासरीची भोकं मिटून सनईचा सूर काढता येत नाही, तसंच हे.

मग मिस्त्रींचं अर्धं खरं कुठलं? टू-स्ट्रोकमध्ये वंगणासाठी पेट्रोलमध्येच तेल मिसळावं लागतं. पेट्रोल पंपावर टू-टी ऑइलचं छोटं यंत्र असायचं ते आठवत असेल. ‘इंजिनाला चांगलं’ म्हणून लोक जरा जास्तच तेल घालून घेत. ते अर्धवट जळून सायलेन्सरच्या आत काजळीचा थर बसे, पुंगळीची भोकं बुजत, आणि गाडी चढाला दमायला लागे. मिस्त्री पुंगळी काढून आगीत लाल करून झटकत, किंवा कॉस्टिक सोड्यात भिजत घालत. गाडी खरोखरच पुन्हा पळायला लागे. म्हणजे अनुभव सच्चा होता. पण चोंदलेली पुंगळी साफ केल्यानं फायदा झाला, म्हणून पुंगळीच काढून टाकली तर आणखी फायदा होईल, ही उडी चुकली. मोपेडच्या सायलेन्सरमध्ये बनवणाऱ्यानं थोडा परतीचा दाब मुद्दाम राखलेला असतो. तो गेला की निसटणारं पेट्रोल वाढतं, सरासरी पडते. उलट शेपटी गरजेपेक्षा बारीक केली तर उष्णता कोंडून दट्ट्याला भोक पडू शकतं.

याच काळात अमेरिकेत पोरं ‘मिनी बाइक’ नावाच्या बुटक्या गाड्या बनवत. गवत कापायच्या यंत्राचं इंजिन, घरी जोडलेली चौकट आणि धुरासाठी नळाच्या दुकानातला पाइपचा तुकडा. ती इंजिनं बहुतेक फोर-स्ट्रोक, झडपांची. तिथं नळी कशीही असली तरी गाडी चालायची. आवाज आणि चटके एवढाच काय तो त्रास. आपल्याकडच्या टू-स्ट्रोकला मात्र तसा पाइपचा तुकडा चालत नाही, कारण इथं नळी हा इंजिनाचाच भाग आहे.

आपल्या भागात घरी बनवलेली धुराची नळी सर्वांत जास्त पाहायला मिळाली ती गाडीला नव्हे, विहिरीवर. ऑइल इंजिनावरचा पंप पाणी ओढतो तो हवेच्या दाबाच्या जोरावर. पुस्तकात त्याची मर्यादा दहा मीटर, प्रत्यक्षात सहा-सात. दुष्काळात पाणी खाली गेलं की पंप खाली न्यावा लागे आणि त्याच्याबरोबर इंजिनही, विहिरीतल्या कपारीवर किंवा फळ्यांवर. मग धूर वर काढायला जी.आय. पाइपचे तुकडे जोडून लांब नळी करत. ती बारीक असली तर इंजिन गुदमरे. सांध्यात गळती असली तर माणूस गुदमरे. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि विहिरीत वारा फिरत नाही. पेट्रोल-रॉकेलवरच्या छोट्या पंपांच्या धुरात तर हा वायू डिझेलपेक्षा पुष्कळ जास्त. पाणी उपसायला उतरलेली माणसं अशा धुरानं दगावल्याच्या बातम्या अजूनही येतात. सायलेन्सरच्या आवाजावर वर्गात चर्चा झाली तर ही गोष्ट सांगायला विसरू नये. पोरं घरी गेल्यावर विहिरीवरच जाणार असतात.

नळी बनवण्यात गणितही चांगलं आहे. दहावीच्या पुस्तकातला शंकुछेद मुलांना कंटाळवाणा वाटतो. पत्र्याच्या डबे-नरसाळ्यांचं काम करणारा कारागीर तोच रोज उलगडत असतो. समजा, एका टोकाला व्यास अडीच सेंटिमीटर, दुसऱ्या टोकाला आठ आणि लांबी पंचवीस असं नरसाळं करायचं आहे. तिरकी उंची येते २५.१५. सपाट पत्र्यावर दोन कंस काढायचे, ३६.६ आणि ११.४ सेंटिमीटर त्रिज्येचे, आणि मधला कोन साधारण ३९ अंशांचा. कापून गुंडाळलं की नरसाळं तयार. (सांध्यासाठी थोडा पत्रा जास्त ठेवायचा, हे पुस्तकात नसतं.) पुठ्ठ्यावर करून बघा. सूत्र कुठून आलं ते मुलं स्वतः सांगतील.

कायद्याच्या पुस्तकातही ही नळी आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२० वा नियम सांगतो की प्रत्येक वाहनाला ‘प्रसरण पेटीनं किंवा अन्य रीतीनं’ आवाज शक्य तितका कमी करणारं साधन हवं. गंमत अशी की नियमातल्या इंग्रजी मजकुरात शब्द तोच आहे, ‘एक्स्पान्शन चेंबर’. एकच शब्द, कायद्याच्या दृष्टीनं आवाज मारणारा आणि शर्यतवाल्यांच्या दृष्टीनं ताकद देणारा. पुंगळी काढून फटाके वाजवत फिरणाऱ्यांचे सायलेन्सर जप्त करून पोलीस रोडरोलरखाली चिरडतात, त्याची छायाचित्रं वर्तमानपत्रांत अधूनमधून येतात.

टू-स्ट्रोकला मात्र आवाजानं नव्हे, धुरानं संपवलं. दुचाकींसाठी धुराचे निकष १९९१ मध्ये आले, १९९६ मध्ये कडक झाले आणि २००० मध्ये आणखी कडक: किलोमीटरला कार्बन मोनॉक्साइड २ ग्रॅम, आणि न जळालेलं इंधन व नायट्रोजनची ऑक्साइडं मिळून २ ग्रॅम. जे इंजिन पाव हिस्सा इंधन कच्चंच बाहेर टाकतं, त्याला यात बसणं जड होतं. फुगीर नळीनं निसटणं कमी केलं असतं, पण एकाच वेगाला. रस्त्यावरची गाडी तर सगळ्या वेगांना चालते. लुना थांबली. टीव्हीएसच्या मोपेडला २०१५ मध्ये फोर-स्ट्रोक इंजिन बसलं. ऊस, दूध, कडबा लादून जाताना दिसते ती हीच. आणि २०२४ मध्ये कायनेटिक ग्रीननं ‘ई-लुना’ आणली. तिला बॅटरी आहे, मोटर आहे, पाठीमागे सामान लादायला जागा आहे. सायलेन्सर नाही.